ऑक्सिजन न पोचणारी गाठ : स्वादुपिंडाच्या कर्करोगाविषयी



कोविडच्या काळात घरोघरी पल्स ऑक्सिमीटर आला. बोटाला चिमटा लावायचा आणि आकडा ९५च्या वर दिसला की जीव भांड्यात पडायचा. स्वादुपिंडाचा कर्करोग झालेल्या माणसाच्या बोटाला हेच यंत्र लावले, तर बहुतेक वेळा ते ९७ किंवा ९८ दाखवते. फुप्फुसे नीट चाललेली असतात, रक्तात ऑक्सिजन पुरेपूर असतो. आणि त्याच घटकेला त्याच्या पोटात, जठराच्या मागच्या बाजूला, पेशींचा एक पुंजका जवळजवळ ऑक्सिजनशिवाय जगत असतो, वाढत असतो. हे कसे घडते आणि त्यामुळे हा आजार इतका चिवट का होतो, हा आजचा विषय.

ज्यांच्या स्मृतीला ही व्याख्यानमाला वाहिलेली आहे ते डॉक्टर होते आणि हाडाचे शिक्षक होते. त्यांच्या नावाने बोलताना सोपे करायचे म्हणून खोटे सांगायचे नाही, एवढे पथ्य मी पाळणार आहे. काही ठिकाणी विषय किचकट होईल. तिथे थोडा धीर धरावा.

आधी मोजमाप सांगते. २००० साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात अल्बर्ट कूंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७ रुग्णांवर शस्त्रक्रिया चालू असतानाच त्यांच्या स्वादुपिंडातल्या गाठीत सुईसारखा बारीक इलेक्ट्रोड घालून आतला ऑक्सिजन मोजला. ऑक्सिजनचा दाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये सांगतात, रक्तदाबासारखाच. गाठीच्या शेजारच्या निरोगी स्वादुपिंडात हा दाब, प्रत्येक रुग्णाच्या नोंदींचा मध्यक घेतला तर, २४.३ ते ९२.७ भरला. गाठीत तो ० ते ५.३ भरला.

हे आकडे किती खालचे आहेत ते कळण्यासाठी दुसरी एक नोंद पाहू. २००७ साली एव्हरेस्ट उतरताना ८,४०० मीटर उंचीवर ४ गिर्यारोहकांनी स्वतःच्या मांडीच्या रोहिणीतले रक्त काढून तपासले. त्या विरळ हवेत, पाठीवरची नळकांडी बंद करून, त्यांच्या रक्तातला ऑक्सिजनचा दाब सरासरी २४.६ होता. रक्तातला दाब आणि ऊतीतला दाब यांची थेट बरोबरी करता येत नाही, हे मला मान्य आहे. तरीही माणसाला जेमतेम शुद्धीवर ठेवणारी हवा जिथे मिळते तिथल्याही कितीतरी खाली ही गाठ राहते, एवढा अंदाज त्यावरून येतो.

इथे एक गोष्ट लगेच सांगायला हवी, कारण व्याख्यान संपल्यावर तोच प्रश्न विचारला जातो. ‘कॅन्सर ऑक्सिजनमध्ये जगू शकत नाही, ऑटो वॉरबर्ग यांना याच शोधाबद्दल नोबेल मिळाले’ असा मजकूर मोबाइलवर फिरत असतो. वॉरबर्ग थोर शास्त्रज्ञ होते. कर्करोगाच्या पेशी ऑक्सिजन उपलब्ध असतानाही साखर आंबवून लॅक्टिक आम्ल तयार करतात, हे त्यांनी १९२०च्या दशकात दाखवले आणि ते निरीक्षण आजही खरे आहे. पण १९३१चे नोबेल त्यांना श्वसनाच्या एन्झाइमच्या कामाबद्दल मिळाले, कर्करोगाच्या कारणाबद्दल नाही. श्वसन बिघडणे हेच कर्करोगाचे मूळ, असे ते अखेरपर्यंत मांडत राहिले. पुढच्या संशोधनात ते तसे ठरले नाही, कारण बहुतेक कर्करोगांत पेशींची श्वसनयंत्रणा बऱ्यापैकी चालू असते.

या अर्धसत्याची किंमत घरे मोजतात. ऑक्सिजन मिसळलेले पाणी, दाबाच्या खोलीतला ऑक्सिजन, अल्कली आहार, असे करत आठवडे निघून गेलेल्या फायली माझ्यासमोर आल्या आहेत आणि त्या पाहताना जीव तुटतो. प्राणायाम जरूर करावा, त्याने मनाला स्थैर्य येते. पण रक्त आधीच ऑक्सिजनने भरलेले आहे. अडचण फुप्फुसात नाही की रक्तातही नाही. रक्तवाहिनीपासून पेशीपर्यंतच्या शेवटच्या केसभर अंतरात ती आहे.

त्या केसभर अंतराचा हिशेब १९५५ साली लागला. इंग्लंडमधल्या थॉमलिन्सन आणि ग्रे या दोघांनी माणसांच्या फुप्फुसातल्या गाठींचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. रक्तवाहिनीजवळच्या पेशी जिवंत होत्या आणि साधारण ०.१८ मिलिमीटरच्या पलीकडे सगळे मृत होते. वाहिनीतून बाहेर पडलेला ऑक्सिजन वाटेतल्या पेशी वापरत जातात, म्हणून तो साधारण ०.१५ मिलिमीटरच्या पुढे पोचत नाही, असे गणित त्यांनी मांडले. मृत भाग आणि धट्टाकट्टा भाग यांच्या मधे एक अरुंद पट्टा उरतो. तिथल्या पेशी उपाशी असतात पण मेलेल्या नसतात. माझे आजचे बोलणे या पट्ट्यातल्या पेशींबद्दल आहे. स्वादुपिंडाच्या कर्करोगात मात्र तो पट्टा अरुंद राहत नाही.

का राहत नाही, हे मी रोज हातात धरते. मी पॅथॉलॉजिस्ट आहे. व्हिपल शस्त्रक्रियेत काढलेला नमुना, म्हणजे स्वादुपिंडाचे डोके, लहान आतड्याची कमान आणि पित्तनलिकेचा तुकडा, फॉर्मॅलिनमध्ये मुरला की आमच्या टेबलावर येतो. निरोगी स्वादुपिंड मऊ, पिवळसर आणि दाण्यादाण्यांचे असते. पाते गाठीत शिरले की हाताला लगेच कळते. कच्चा पेरू कापावा तसा करकरीत आवाज येतो आणि कापलेला पृष्ठभाग पांढरट, राठ दिसतो. गाठीची कड नेमकी कुठे संपते ते डोळ्यांना कळत नाही, बोटांनी चाचपून ठरवावे लागते. मग काप रंगवून स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली घ्यावी. सगळीकडे गुलाबी तंतूंच्या लाटा दिसतात आणि त्यांत लांब लांब विखुरलेल्या, वेड्यावाकड्या ग्रंथी. कर्करोगाच्या खऱ्या पेशी त्या ग्रंथींच्या अस्तरात असतात, आणि त्या थोड्या असतात. अनेक गाठींत आकारमानाचा ८० टक्क्यांपर्यंतचा भाग हा तंतुमय ऊतीचा असतो. नवखा विद्यार्थी विचारतो, यात कॅन्सर कुठे आहे?

हे तंतू तयार कोण करते? निरोगी स्वादुपिंडात ताराकृती पेशी असतात. त्या शांत असतात आणि अ जीवनसत्त्वाचे थेंब साठवून बसलेल्या असतात. १९९८ साली दोन गटांनी या पेशी वेगळ्या काढून दाखवल्या. एक जर्मनीतला होता. दुसरा सिडनीतला, त्यात मिनोती आपटे होत्या. आडनाव तुमच्या ओळखीचे वाटेल. कर्करोग किंवा जुनी सूज या पेशींना चेतवते, मग त्या साठवलेले थेंब टाकून देतात आणि कोलॅजन विणायला लागतात. कोलॅजन आणि पाणी धरून ठेवणारे हायल्युरोनन साचत गेले की गाठीच्या आतला दाब वाढतो आणि नाजूक केशवाहिन्या चेपल्या जातात. रक्त पोचेनासे होते, ऑक्सिजन घसरतो. आणि घसरलेला ऑक्सिजन त्याच ताराकृती पेशींना आणखी चेतवतो. तंतू वाढले की ऑक्सिजन कमी होतो, ऑक्सिजन कमी झाला की तंतू वाढतात. हे चक्र एकदा सुरू झाले की त्याला बाहेरून ढकलावे लागत नाही.

सीटी स्कॅनवर ही गोष्ट रुग्णाच्या नातेवाइकांनाही दाखवता येते. शिरेतून कॉन्ट्रास्ट दिल्यावर निरोगी स्वादुपिंड उजळते, कारण तिथे रक्त खेळते. गाठ मात्र आजूबाजूपेक्षा काळपट राहते.

सगळ्या स्वादुपिंडाच्या गाठी अशा नसतात, आणि हा फरक लोक नेहमी विसरतात. स्टीव्ह जॉब्स यांना झाला होता तो न्यूरोएंडोक्राइन प्रकारचा ट्यूमर, संप्रेरके बनवणाऱ्या पेशींपासून उद्भवणारा. त्यात रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते, सीटीवर तो बहुधा चमकतो आणि साधारणपणे सावकाश वाढतो. मी बोलते आहे ती नलिकांच्या अस्तरापासून होणारी गाठ, जी एकूण रुग्णांपैकी ९० टक्क्यांहून अधिक लोकांना होते. गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर १७ मार्च २०१९ रोजी स्वादुपिंडाच्या कर्करोगानेच गेले. नाकात नळी घालून विधानसभेत अर्थसंकल्प मांडणारे त्यांचे रूप आपण सर्वांनी पाहिले आहे. २०२२ सालच्या जागतिक अंदाजाप्रमाणे वर्षाला सुमारे ५ लाख १० हजार नवे रुग्ण आणि सुमारे ४ लाख ६७ हजार मृत्यू. हे दोन आकडे इतके जवळ असणे यातच सगळे आले. अमेरिकेसारख्या देशातही निदानानंतर पाच वर्षे जगणारे १०० पैकी १३च्या आसपास आहेत.

आता पेशीच्या आत जाऊ. ऑक्सिजन कमी झाला हे पेशीला कळते कसे? या प्रश्नाचे उत्तर कर्करोगाच्या अभ्यासातून आलेच नाही. बॉल्टिमोरला ग्रेग सेमेन्झा एरिथ्रोपॉइटिन या संप्रेरकाच्या जनुकाचा अभ्यास करत होते. डोंगरावर गेल्यावर रक्तातल्या तांबड्या पेशी ज्याच्यामुळे वाढतात ते हे संप्रेरक. १९९२ साली त्यांना त्या जनुकाला जाऊन चिकटणारे एक प्रथिन सापडले, त्याचे नाव हिफ. ऑक्सफर्डचे पीटर रॅटक्लिफ त्याच वाटेने येत होते. आणि बोस्टनचे विल्यम केलिन एका आनुवंशिक आजाराचा, व्हॉन हिपेल-लिंडाऊचा, पाठलाग करत होते. त्या आजारात मूत्रपिंडात आणि मेंदूत रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेल्या गाठी येतात, स्वादुपिंडातही पुटी (सिस्ट) आणि न्यूरोएंडोक्राइन गाठी येतात. तिघांच्या वाटा २००१ साली एका जागी येऊन मिळाल्या. २०१९ चे नोबेल या तिघांना मिळाले.

यंत्रणा थोडक्यात अशी. पेशी हिफचा एक घटक अखंड बनवत असते आणि ऑक्सिजन असेल तर काही मिनिटांत तो मोडीतही काढत असते. मोडीत काढण्याची खूण करणारे एन्झाइम ऑक्सिजनचाच रेणू वापरते. व्हॉन हिपेल-लिंडाऊ प्रथिन ती खूण ओळखते आणि हिफला नष्ट करायला पाठवते. ऑक्सिजन नसेल तर खूण होत नाही, हिफ टिकते, पेशीकेंद्रात शिरते आणि शेकडो जनुके जागी करते. साखर ओढून घेण्याची, साखर आंबवण्याची, आम्ल बाहेर टाकण्याची, नव्या रक्तवाहिन्या बोलावण्याची. गर्भात वाढणाऱ्या बाळाला, गिर्यारोहकाला, जखम भरणाऱ्या त्वचेला हीच यंत्रणा तारते. कर्करोगाने ती शोधलेली नाही. ती आपल्या प्रत्येक पेशीत आहे, तो तिच्यावर जगतो.

आणि इथेच स्वादुपिंडाची गाठ इतरांपासून वेगळी होते. मूत्रपिंडाच्या कर्करोगात वाहिन्या बोलावण्याचा संदेश जातो आणि वाहिन्या येतात. स्वादुपिंडात संदेश जातच राहतो, पण दाबलेल्या तंतुमय जंजाळात वाहिन्या नीट उघडत नाहीत. रक्तवाहिन्या रोखणारे बेव्हासिझुमॅब हे औषध जेमसिटाबीन या केमोथेरपीच्या औषधाबरोबर ६०२ रुग्णांच्या चाचणीत वापरून पाहिले गेले. २०१० साली निकाल प्रसिद्ध झाला: औषध घेणाऱ्यांचे मध्यक आयुष्य ५.८ महिने, न घेणाऱ्यांचे ५.९. जिथे रक्तवाहिन्यांवर गाठीची मदारच नाही, तिथे त्या रोखून काय साधणार? उलट न्यूरोएंडोक्राइन गाठींत वाहिन्यांवर मारा करणारे सुनिटिनिब उपयोगी ठरले आणि २०११ साली त्याला मान्यता मिळाली. एकच अवयव, दोन गाठी आणि रक्ताशी दोन वेगळी नाती.

मग रक्त आणि ऑक्सिजन नसताना ही गाठ खाते काय? या प्रश्नाच्या उत्तरांनी मला सर्वांत थक्क केले आहे. ९० टक्क्यांहून अधिक रुग्णांत केरास नावाचे जनुक बिघडलेले असते आणि ते पेशीला सतत ‘वाढ, वाढ’ असे सांगत राहते. २०१३ साली न्यूयॉर्कच्या डाफ्ना बार-सागी यांच्या प्रयोगशाळेने दाखवले की केरास बिघडलेल्या पेशी भोवतालच्या द्रवाचे घोटच्या घोट गिळतात आणि त्यातले अल्ब्युमिन पचवून अमिनो आम्ले मिळवतात. २०१६ साली आणखी एक गोष्ट पुढे आली. शेजारच्या ताराकृती पेशी स्वतःचेच घटक पचवून अ‍ॅलनिन बाहेर सोडतात आणि कर्करोगाची पेशी ते इंधन म्हणून वापरते. ज्या पेशींनी ही गाठ कोंडली, त्याच तिला अन्नही पुरवतात. शिवाय ऑक्सिजन नसलेल्या भागातल्या पेशी जे लॅक्टेट टाकतात, ते जरा बऱ्या भागातल्या पेशी उचलून जाळतात. उपाशी राहण्याची सवय झालेली ही वस्ती आहे, आणि त्या सवयीमुळेच औषधांनी तिला उपाशी मारणे अवघड जाते.

उपासमार पेशींची निवडही करते. १९९६ साली अमाटो जाक्सिया यांच्या गटाने हे दाखवून दिले. ऑक्सिजन घसरला की साधारण पेशी आत्मनाश करतात, आणि त्यासाठी पी-५३ हे प्रथिन लागते. ज्या पेशींत ते बिघडलेले आहे त्या मरत नाहीत, मागे राहतात आणि वाढतात. म्हणजे गाठीतली कोंडलेली जागा दररोज सर्वांत निर्ढावलेल्या पेशी वेचून काढत असते. ऑक्सिजन कमी असताना डीएनएची मोडतोड दुरुस्त करणारी यंत्रणाही मंदावते, त्यामुळे नवे बिघाड साठत जातात. अशा पेशी अस्तरातली आपली जागा सोडतात, एकमेकींना धरून राहण्याचे सोडून देतात, सुटतात आणि यकृतात जाऊन रुजतात. जास्त ऑक्सिजनकडे निघालेली ही पळापळ आहे असे म्हणण्याचा मोह होतो, पण पेशीला हेतू नसतो. ज्या सुटू शकल्या त्याच पुढे दिसतात, इतकेच.

रोगप्रतिकारक पेशींचे काय, असे कुणी विचारेल. इम्युनोथेरपीने त्वचेच्या आणि फुप्फुसाच्या कर्करोगात क्रांती केली, मग इथे का नाही? टी-पेशी या गाठीच्या आत फारशा शिरतच नाहीत. ज्या शिरतात त्यांना साखर नाही, ऑक्सिजन नाही, भोवती लॅक्टिक आम्ल आणि अ‍ॅडिनोसिन. लढायला आलेली पेशी तिथे थकते, आणि प्रतिकार दडपणाऱ्या पेशी मात्र तिथे रमतात.

हे सगळे किती वर्षे चालते? २०१० साली पॅथॉलॉजिस्ट क्रिस्टीन याकोबुझिओ-डोनाह्यू यांच्या गटाने मृत्यूनंतर लगेच केलेल्या शवविच्छेदनांतून गाठींच्या जनुकांची वंशावळ मांडली. पहिल्या बिघाडापासून खऱ्या कर्करोगाची पहिली पेशी तयार व्हायला किमान १० वर्षे, पसरण्याची क्षमता यायला आणखी किमान ५, आणि त्यानंतर मृत्यू सरासरी २ वर्षांत. म्हणजे वेळ हातात असतो, पण आपल्याला तो दिसत नाही. पन्नाशीनंतर अचानक उद्भवलेला मधुमेह आणि त्याच सुमाराला कारण नसताना उतरलेले वजन, किंवा न दुखता झालेली कावीळ, एवढ्यावर तरी डॉक्टरांकडे जायला उशीर करू नका. विषयापासून जरा बाजूला गेले, पण हे सांगायचेच होते.

उपचारांकडे येते. रेडिएशनला ऑक्सिजन लागतो. किरणांनी डीएनएवर झालेली जखम ऑक्सिजनमुळे पक्की होते. तो नसेल तर तेवढाच परिणाम मिळवायला अडीच ते तीन पट मात्रा लागते, हे ग्रे यांच्या काळापासून ठाऊक आहे. जेमसिटाबीन विभाजन होत असलेल्या पेशींवर काम करते, आणि ऑक्सिजनअभावी सुस्तावलेली पेशी विभाजनच लांबणीवर टाकते. शिवाय औषधही रक्तातूनच यायचे असते. जिथे ऑक्सिजन पोचत नाही तिथे तेही पुरेसे पोचत नाही.

साहजिकच शास्त्रज्ञांच्या मनात आले, तंतूंचा हा थर मोडून काढू. २००९ साली केंब्रिजमध्ये उंदरांवर एका औषधाने तंतू कमी केले, वाहिन्या वाढल्या, जेमसिटाबीन आत पोचले, उंदीर जास्त जगले. सगळीकडे आशा पसरली. २०१२ च्या जानेवारीत माणसांवरची चाचणी मधेच थांबवावी लागली, कारण नवे औषध घेणारे रुग्ण लवकर दगावत होते. पुढे २०१४ साली दोन स्वतंत्र गटांनी उंदरांत तंतू बनवणाऱ्या पेशी किंवा त्यांना चालना देणारा संदेशच काढून टाकला. दोन्हीकडे गाठी जास्त आक्रमक झाल्या, उंदीर लवकर मेले. एका प्रयोगात वाहिन्या वाढल्या. दुसऱ्यात मात्र ऑक्सिजन आणखी घसरला. ज्या तंतूंना आपण निव्वळ शत्रू समजत होतो, ते गाठीला काही अंशी आवरूनही धरत होते. हायल्युरोनन विरघळवणारे एन्झाइम मग मोठ्या चाचणीत आले, तेही ज्यांच्या गाठीत हायल्युरोनन भरपूर आहे असे रुग्ण निवडून. २०१९ साली तेही अपयशी ठरले.

दुसरा मार्ग उलट दिशेने जाणारा होता. ऑक्सिजन आणता येत नाही, तर त्याच्या अभावाचाच फायदा घ्यायचा. इव्होफॉस्फामाइड हे असे औषध, जे ऑक्सिजन असलेल्या पेशीत निष्क्रिय राहते आणि ऑक्सिजन नसलेल्या पेशीत विषारी होते. कल्पना मला आजही सुंदर वाटते. ६९३ रुग्णांच्या चाचणीत जेमसिटाबीनबरोबर ते दिले. मध्यक आयुष्य ८.७ महिने, एकट्या जेमसिटाबीनवर ७.६. फरक संख्याशास्त्राच्या उंबरठ्याच्या जेमतेम अलीकडे अडला आणि २०१५च्या अखेरीस औषधाची वाट बंद झाली. या चाचणीत रुग्णांच्या गाठींतला ऑक्सिजन मोजून त्यांची निवड केलेली नव्हती. माझी सर्वांत मोठी तक्रार इथे आहे. ऑक्सिजनच्या अभावावर चालणारे औषध, पण तो अभाव कुणाच्या गाठीत किती आहे हे न बघता दिलेले.

मग हिफच बंद केले तर? तेही सरळ नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या कामात उंदरांच्या कर्करोगपेशींतून हिफ-१ काढून टाकले तेव्हा गाठी अधिक पसरल्या. म्हणजे काही परिस्थितीत हिफ या पेशींना आवरही घालते. २०२२च्या आणखी एका अभ्यासात त्याचे भावंड, हिफ-२, कर्करोगपेशींतून न काढता भोवतालच्या तंतुपेशींतून काढले, तेव्हा प्रतिकार दडपणाऱ्या पेशी कमी झाल्या. ऑक्सिजन कमी आहे ही बातमी कोणत्या पेशीला कळते यावर परिणाम अवलंबून असतो, असे मला यातून दिसते. गाठीतल्या पेशीइतकीच शेजारच्या पेशीची प्रतिक्रिया महत्त्वाची आहे. २०१४ साली साल्क संस्थेतल्या संशोधकांनी तंतुपेशी मारण्याऐवजी ड जीवनसत्त्वासारख्या रेणूने त्यांना पुन्हा शांत करण्याचा प्रयत्न उंदरांत यशस्वी केला. मला ही दिशा जास्त शहाणी वाटते, माणसांत तिचा ठोस फायदा अजून सिद्ध झालेला नसला तरी. आणि कृपा करून यावरून कुणी घरी ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या सुरू करू नयेत.

परिसर आणि कर्करोग हे नाते महाराष्ट्रातल्या पॅथॉलॉजीला नवे नाही. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४५ साली भारतातल्या रूढींशी निगडित कर्करोगांवर लिहिले. त्यात कमरेला घट्ट आवळलेल्या धोतराच्या जागी होणारा त्वचेचा कर्करोगही होता. त्यांनी माणसाच्या भोवतालाकडे पाहिले, आज आम्हाला पेशीच्या भोवतालाकडे तितक्याच बारकाईने पाहायचे आहे. केरासवर थेट मारा करणारी औषधे आता माणसांवरच्या अंतिम टप्प्यातल्या चाचण्यांत पोचली आहेत आणि त्यांच्याकडून मला खरोखर आशा आहे. पण तीही रक्तातूनच जाणार आहेत.

म्हणून मोजण्याबद्दल बोलून थांबते. स्वादुपिंडात ऑक्सिजनचा अभाव पेट स्कॅनने शोधण्याचे प्रयत्न झाले, पण काही प्रयत्नांत खूण करणारा रेणू गाठीत फारसा साठताना दिसला नाही. दुसरी पद्धत आमच्या टेबलावरची आहे. पिमोनिडाझोल नावाचा रेणू शस्त्रक्रियेच्या आधी रुग्णाला देतात. ज्या पेशींत ऑक्सिजन फार कमी आहे त्यांतच तो चिकटून बसतो, आणि मग स्लाइडवर तेवढ्याच पेशी तपकिरी रंगतात. टोरांटोमध्ये मोजक्या रुग्णांवर हे केले गेले, तेव्हा काहींच्या गाठीत बराच भाग रंगला, काहींच्या गाठीत फार थोडा, आणि एकाच गाठीच्या दोन तुकड्यांतही फरक दिसला. स्टॅनफर्डच्या ७ रुग्णांवरून सगळ्या गाठी सारख्याच गुदमरलेल्या असतील असे जे गृहीत धरले गेले, ते त्यामुळे डळमळले.

मुंबईत परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात स्वादुपिंडाच्या शस्त्रक्रिया मोठ्या संख्येने होतात, राज्यातल्या इतर मोठ्या रुग्णालयांतही होतात. प्रत्येक शस्त्रक्रियेतून ऊती आमच्या हाती येते. रुग्णाची लेखी संमती, शस्त्रक्रियेआधी एक मात्रा, नंतर रंगवलेली काही स्लाइड आणि ती काळजीपूर्वक वाचणारा पॅथॉलॉजिस्ट, एवढ्यावर आपल्या रुग्णांच्या गाठींत ऑक्सिजनचा अभाव किती आणि कुठे आहे याची नोंद इथेच सुरू करता येईल. पुढच्या वेळी ऑक्सिजनच्या अभावावर चालणारे औषध आले, तर ते कुणाला द्यायचे हे ठरवायला ती नोंद लागणार आहे.